मोडीतल्या गाडीचं घर

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या चिपळूण शहरात घुसल्या. एसटीचं आगार पाण्याखाली गेलं. आगार व्यवस्थापक आणि काही कर्मचारी तिकिटांची सुमारे नऊ लाखांची रोकड सांभाळत एका बसच्या टपावर चढले आणि जवळजवळ नऊ तास तिथेच बसून राहिले. ही हकीगत त्या वेळी सगळीकडे छापून आली, आणि तशी ती यायलाच हवी होती. माणसं वाचली, पैसेही वाचले. पण त्या दिवशी बाजारपेठेत, गॅरेजांत, सोसायट्यांच्या आवारात ज्या शेकडो गाड्या बुडाल्या त्यांचं पुढे काय झालं? बुडालेली गाडी एका दिवसात नाहीशी होत नाही. ती कुणाच्या तरी कागदावर येते, कुठल्या तरी आवारात उभी राहते, आणि एक दिवस लिलावात निघते. ज्याला कमी पैशात चाकांवरचं घर बांधायचं आहे त्याची आणि तिची गाठ तिथे पडते.

मोडीत निघालेली गाडी विकत घेऊन तिचं घर करण्याची कल्पना मला मनापासून आवडते. चांगल्या पोलादाचा सांगाडा वितळवण्याआधी त्याला आणखी दहा-वीस वर्षं कामाला लावणं यात शहाणपण आहे. पण याच बाजारात साध्या माणसाची फसवणूकही सर्वांत जास्त होते. कारण लिलावात एकाच ओळीत उभ्या असलेल्या दोन गाड्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यातली एक रस्त्यावर चालवायच्या हक्कासकट विकली जात असते आणि दुसरी नुसतं लोखंड म्हणून. हा फरक पत्र्यावर दिसत नाही, तो कागदात असतो.

आधी बुडालेल्या गाडीचंच पाहू. विमा असेल तर सर्व्हेअर येतो. पॉलिसीवर गाडीची जाहीर किंमत लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी जुनी होत जाते तशी ती ठरलेल्या दराने घटते. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. दुरुस्तीचा आणि गाडी ओढून आणण्याचा मिळून खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या पुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. म्हणजे ती दुरुस्त होणारच नाही असं नव्हे. विमा कंपनीच्या हिशेबात ती परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाच वर्षांच्या गाडीची आयडीव्ही निम्म्यावर आलेली असल्यामुळे तिच्यात गळ्यापर्यंत पाणी आलं नाही तरी हिशेब टोटल लॉसकडे झुकतो. मग कंपनी मालकाला भरपाई देते आणि उरलेला सांगाडा, म्हणजे सॅल्वेज, लिलावात काढते. घेणारे बहुतेक व्यापारी असतात. ते दहा-दहा गाड्या एकदम उचलतात, धुतात, सीट-कव्हर बदलतात आणि ज्या गावात पूर आला नव्हता तिथे नेऊन विकतात. त्यामुळे मोठ्या पुरानंतरच्या वर्षात एखादी गाडी बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल, तर ती जुलैमध्ये कुठे उभी होती हे विचारायलाच हवं.

कॅराव्हॅन म्हटल्यावर युरोप-अमेरिकेतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मोटारीच्या मागे जोडलेली चाकांची खोली येते. आपल्याकडे ती जवळजवळ नाहीच. परदेशातून जुनी आणावी म्हटलं तर आयातीच्या अटी आडव्या येतात. वाहन तीन वर्षांपेक्षा जुनं नको, स्टिअरिंग उजव्या हाताचं हवं, उतरवायचं ते मुंबई बंदरात, आणि वर जबर सीमाशुल्क. तेव्हा रत्नागिरीतल्या माणसाची कॅराव्हॅन म्हणजे इथलीच एखादी जुनी गाडी. फोर्स मोटर्सची, पूर्वीच्या बजाज टेम्पोची, ट्रॅव्हलर १९८७ पासून आपल्या रस्त्यांवर आहे. शाळेच्या गाड्या, रुग्णवाहिका, कंपन्यांच्या कामगारांच्या गाड्या याच सांगाड्यावर उभ्या असतात. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, आणि कुठल्याही फिटरला तिचं इंजिन माहीत असतं. यापेक्षा मोठं काही हवं असेल तर मिनीबस किंवा बस.

चाकांवरचं बिऱ्हाड आपल्याला नवं नाही. दक्षिण कोकणातल्या दशावतारी कंपन्या एकेकाळी पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायच्या. पुढे सामान आणि नट एकाच गाडीतून फिरू लागले. घाटावरच्या तमाशाच्या फडांचंही हेच. हंगामभर त्यांचं घर, कोठार आणि रंगपटाची खोली म्हणजे ट्रक. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, कॅराव्हॅन आणि त्यांच्यासाठीचे तळ या दोन्हींना मान्यता दिली, तेव्हा हॉटेलवाल्यांना आणि सुट्टीवर निघालेल्या कुटुंबांना या गोष्टीची नव्याने ओळख झाली. पण कारखान्यात बांधून निघालेली नवी कॅराव्हॅन मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरची आहे, म्हणून माणूस लिलावाच्या नोटिसा वाचू लागतो.

या नोटिसा वेगवेगळ्या दारांतून येतात, आणि कुठल्या दारातून आली यावर बरंच काही ठरतं. मला विचाराल तर घर बांधायला सर्वांत चांगली गाडी बँकेने किंवा फायनान्स कंपनीने हप्ते थकले म्हणून ओढून आणलेली. ती मोडलेली नसते. तिच्या मालकाचं गणित मोडलेलं असतं. तिचा दोष एवढाच की ती महिनोन् महिने उघड्यावर उभी राहिलेली असते. टायर बसलेले, बॅटरी मेलेली, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. पण कागद जिवंत असतो. आरटीओने कर थकला म्हणून जप्त केलेल्या गाड्यांमध्येही कधीकधी चांगला सांगाडा मिळतो.

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या बेवारस गाड्यांची गोष्ट निराळी. २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की जप्त वाहनं ठाण्यात सडत ठेवू नयेत, पंचनामा आणि छायाचित्रं करून ती लवकर मोकळी करावीत. तरीही आवारांमध्ये वेलींनी झाकलेल्या गाड्या आजही दिसतात, आणि कोकणात तीन पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीत घर बांधण्याजोगं फारसं काही उरत नाही.

आता एसटी. रत्नागिरी विभागात दापोली-मंडणगडपासून राजापूरपर्यंत आगारं आहेत, आणि आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यातला कितीतरी प्रवास त्या लाल गाडीतून झालेला आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. तेव्हापासून महामंडळाने आपल्या बसेसच्या बांधणीचं काम मोठ्या प्रमाणावर स्वतःकडेच ठेवलं. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांतून हजारो सांगाड्यांवर बॉडी चढली. त्यामुळे निकाली निघालेली एसटी पाहिली की हात फिरवावासा वाटतो. लांबी भरपूर, उंची उभं राहण्याजोगी, दोन्ही बाजूंनी खिडक्या, टप भक्कम. आणि एसटीने स्वतःच दाखवून दिलंय की या गाडीला दुसरं आयुष्य देता येतं. मे २०२० मध्ये टाळेबंदीत प्रवासी नव्हते. तेव्हा जुन्या प्रवासी गाड्यांच्या सीट काढून, खिडक्या बुजवून त्या मालवाहू करण्यात आल्या, आणि रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या त्यातून मुंबईला गेल्या. पुण्यात राजीव खेर आणि उल्का सादलकर यांनी जुन्या बसेसमधून स्त्रियांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहं उभी केली. केरळच्या परिवहन महामंडळाने २०२० मध्ये मुन्नारला जुन्या बसमध्ये झोपण्याचे बाक बसवले आणि पर्यटकांना रात्रीच्या मुक्कामाला ते अगदी थोड्या भाड्यात दिले.

पण इथेच कागद आडवा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५२-अ हा नियम घातला गेला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. केंद्र, राज्य, पालिका, राज्य परिवहन उपक्रम यांच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षं पूर्ण झाली की संपते. तिचं नूतनीकरण होत नाही. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडायची असते. त्या केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. म्हणजे पंधरा वर्षं भरलेली एसटी लिलावात दिसली तरी ती सर्वसामान्य माणसासाठी नाही, बोली लावायला पात्र कोण ते नोटिशीतच लिहिलेलं असतं. कुणी दलालाने ‘कागद नंतर करून देतो’ म्हणून ती गळ्यात मारली तर तिचा कागद कधीच होणार नाही. पंधरा वर्षांच्या आत निकाली काढलेली गाडी मिळाली तर गोष्ट वेगळी. तिच्याबाबत पहिला प्रश्न एकच विचारावा: नोंदणी चालू आहे की रद्द करून विकताय? मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की वाहन नष्ट झालं किंवा कायमचं निकामी झालं तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर ते नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि नोंदणीपुस्तिका परत करायची. एकदा तसं झालं की चेसिस नंबर रस्त्याच्या दृष्टीने मेला.

लिलावाच्या नोटिशीत ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट असते. तिचा अर्थ साधा आहे: दोष निघाला तर विकणारा जबाबदार नाही, आणि उचलून न्यायची ती तुम्ही. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० ला, बसरा स्टार नावाचं जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळलं आणि वर्षानुवर्षं तिथेच रुतून राहिलं. भरतीच्या लाटा त्याचा पत्रा सोलत असताना ज्यांनी ते पाहिलंय त्यांना ‘जेथे आहे’ या दोन शब्दांची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. गाडी जहाजाएवढी नसते, पण चाकं जाम झालेली बस खेडच्या आवारातून लांज्याला आणायची तर क्रेन, लो-बेड ट्रेलर किंवा निदान टोचन लागतं. वाटेत परशुरामसारखे घाट आहेत, आणि ब्रेक नसलेलं वाहन टोचन लावून घाटातून आणणं हा जिवाशी खेळ आहे. हा खर्च बोलीच्या आधी मांडायचा असतो.

वापरलेल्या कॅराव्हॅनचा लिलाव किती दूरवर दुखणं नेऊ शकतो याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेत घडलं. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाने मेक्सिकोच्या आखाताचा किनारा उद्ध्वस्त केला. बेघर झालेल्यांसाठी तिथल्या आपत्ती निवारण यंत्रणेने, फेमाने, लाखाहून अधिक ट्रेलर-घरं घाईघाईने विकत घेतली. काही महिन्यांत राहणाऱ्यांचे डोळे जळू लागले, नाकातून रक्त येऊ लागलं, मुलांना धाप लागू लागली. भिंतींच्या प्लायवूडमधला आणि भुशाच्या फळ्यांमधला गोंद फॉर्मल्डिहाइड वायू सोडत होता. लहान, बंद, दमट आणि तापलेल्या खोलीत तो साठत होता. २००८ मध्ये सरकारी तपासणीत त्याचं प्रमाण घातक असल्याचं पुढे आलं. लोकांना बाहेर काढलं गेलं. मग एवढ्या ट्रेलरांचं करायचं काय? २०१० मध्ये ते लिलावात विकले गेले. प्रत्येकावर चिकटपट्टी होती: हे राहण्यासाठी वापरू नये. त्याच वर्षी आखातात तेलविहिरीचा स्फोट झाला, समुद्रभर तेल पसरलं, आणि ते साफ करायला आलेले मजूर कुठे राहत होते? त्याच ट्रेलरांमध्ये. मधल्या कुणीतरी पट्टी काढून टाकली होती.

ही गोष्ट मी इतकी लांबवून सांगतो कारण तिच्यातला प्रत्येक दुवा आपल्याकडे आहे. आपत्ती आहे, घाईची खरेदी आहे, स्वस्त प्लायवूड आहे, लिलाव आहे, आणि मधल्या माणसाने गाळलेली ओळ आहे. उष्णता आणि दमटपणा वाढला की गोंदातून वायू जास्त सुटतो, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या गाडीइतकी उष्ण-दमट जागा कोकणात दुसरी नाही. तेव्हा कुणाची तरी आधीच सजवलेली ‘कॅराव्हॅन’ स्वस्तात मिळत असेल तर आत शिरून दार-खिडक्या बंद करून पंधरा मिनिटं बसावं. डोळे चुरचुरले तर तिथला सगळा फर्निचरचा माल फेकायचा आहे असं धरूनच किंमत करावी. स्वतः बांधताना आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्यावं. ते पाण्यातही टिकतं आणि त्याचा गोंद वायूही कमी सोडतो.

लिलावाआधी पाहणीचे दिवस दिलेले असतात. ते चुकवून फोटोवर बोली लावू नये. सोबत टॉर्च, छोटी हातोडी, लोहचुंबक, वाकडी करता येणारी तार, कागद-पेन्सिल आणि जमिनीवर अंथरायला जुनी चादर घ्यावी. गाडीखाली झोपल्याशिवाय गाडी कळत नाही.

खाली शिरल्यावर आधी चेसिसच्या दोन लांब पट्ट्या मागपर्यंत पाहायच्या. मागच्या ॲक्सलच्या वर, पाटे जिथे अडकवलेले असतात तिथे, आणि जिथे दोन पत्रे एकावर एक रिवेट केलेले असतात तिथे हातोडीने हलके ठोके द्यायचे. निरोगी लोखंड टणकन वाजतं. आतून खाल्लेलं बद्द वाजतं, आणि ठोक्यासरशी खपल्या तोंडावर पडतात. दोन पत्र्यांच्या मध्ये गंज फुगला असेल तर रिवेटच्या शेजारी पत्रा पोट काढून उभा दिसतो. तो सांगाडा सोडून द्यावा, वेल्डिंगने तो सुधारत नाही. बाहेरच्या बाजूला चुंबक फिरवावं. जिथे ते सुटतं तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे किंवा ॲल्युमिनियम.

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेट्टीवरून मासळी वाहणाऱ्या बंद गाड्यांचा मोह अनेकांना होतो. त्यांच्या भिंतींत थर्माकोल किंवा फोमचं जाड अस्तर असतं, आत थंडावा राहतो, वाटतं घर तयारच आहे. पण बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं त्या फळ्यांमधून चेसिसवर ठिबकलेलं असतं. वरचा डबा उत्तम आणि खालचा सांगाडा पापडासारखा, असं हमखास आढळतं. डबा तेवढा उचलून दुसऱ्या कामाला घ्यायचा असेल तर ठीक.

पुराची खूण शोधताना एक स्थानिक पेच आहे. आपल्याकडे प्रत्येक गाडीच्या खाली जांभ्याची लाल माती असतेच. ती दिसली म्हणजे गाडी बुडाली होती असं नाही. रस्त्याची माती चाकांच्या मागे उडते, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी बसते. पुराचा गाळ मात्र स्थिर पाण्यातून खाली बसतो. तो बारीक, पिठासारखा असतो आणि जिथे चाकाचा शिंतोडा कधी पोचणार नाही अशा जागी सापडतो: डॅशबोर्डच्या मागे, फ्यूजच्या डब्यात, हेडलाइटच्या काचेच्या आत, चेसिसच्या पोकळ भागात. तिथल्या भोकातून तार घालून फिरवावी. तार गाळ घेऊन बाहेर आली तर उत्तर मिळालं. सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. व्यापारी वरचा हातभर धुतो, आत गुंडाळलेल्या टोकावर पाण्याची रेघ राहते. तीच रेघ दाराच्या आतल्या पत्र्यावर आणि सीटच्या फोमवर एकाच उंचीवर दिसली, की पाणी कुठवर आलं होतं ते सांगायला कुणी साक्षीदार लागत नाही.

रेघ सीटच्या खाली असेल आणि गाडी जुन्या पद्धतीच्या, साध्या डिझेल पंपाच्या इंजिनाची असेल, तर अशी गाडी घ्यायला हरकत नाही, असं माझं मत आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं तेल पाहायचं. त्यात पाणी गेलं असेल तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं. ते बदलता येतं. खरं नुकसान पुरानंतर मालकाने घाबरून सेल्फ मारला असेल तर झालेलं असतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि नव्या, संगणकावर चालणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांत वायरिंग हा कायमचा रोग होऊन बसतो. तांब्याच्या तारा कळकतात, हिरवा गंज वेष्टनाच्या आतून चढत जातो, आणि सहा महिन्यांनी कुठल्या तरी रात्री गाडी बंद पडते. अशी गाडी घरासाठी घेऊ नये.

शेवटी चेसिस नंबर. जागा पुसून त्यावर कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. आरटीओलाही हाच पेन्सिल-ठसा लागतो. आकडे एका रेषेत, सारख्या खोलीचे हवेत. आजूबाजूला वेल्डिंगची शिवण किंवा घासल्याची चमक असेल तर पुढे जाऊ नये, गाडी कितीही चांगली असली तरी.

आता बोली. सरकारी लिलाव बहुतेक ऑनलाइन झाले आहेत. १९६४ मध्ये भंगार व्यापारासाठी स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी त्यातलं मोठं नाव. बयाणा रक्कम आधी भरायची. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली वाढवली तर वेळ आपोआप पुढे सरकते, त्यामुळे शेवटच्या क्षणी झडप घालण्याचा उपयोग नाही. सर्वोच्च बोली लागली म्हणजे गाडी मिळाली असंही नाही. अनेकदा ती विकणाऱ्या खात्याच्या मंजुरीवर अडकलेली असते. मंजुरीनंतर मुदतीत पैसे भरले नाहीत तर बयाणा जप्त, आणि मुदतीत गाडी उचलली नाही तर जागाभाडं. बोलीवर जीएसटी वेगळा. मोठ्या वाहनांच्या बॅटऱ्या बहुधा वेगळ्या विकल्या जातात, कारण त्या फक्त अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांनाच देता येतात.

भंगारवाला बोली कशी लावतो ते समजून घेतलं तर आपली बोली शहाणी होते. तो आरसी बुकातलं रिकामं वजन पाहतो. समजा ते आठ टन आहे आणि बाजारात लोखंड किलोला तीस रुपये आहे. म्हणजे दोन लाख चाळीस हजार. त्यातून कापणी, वाहतूक आणि नफा वजा करून तो थांबतो. हा झाला तळ. तुम्हाला तिच्यात घर दिसतंय म्हणून तुम्ही त्याच्या थोडं वर जाऊ शकता, पण वरच्या टोकालाही एक हिशेब आहे: तशीच चालू गाडी खुल्या बाजारात जितक्याला मिळते त्यातून सहा टायर, बॅटरी, टोचन, थकलेला मोटार वाहन कर, पर्यावरण कर, पासिंग आणि अंदाजात न बसणाऱ्या गोष्टींसाठी काही रक्कम काढली की जे उरतं त्याच्या वर जायचं नाही. थकलेला कर पूर्वीच्या मालकाचा म्हणून सुटत नाही. तो भरल्याशिवाय आपलं नाव चढत नाही. हा आकडा घरी कागदावर लिहून ठेवावा आणि लिलाव सुरू झाल्यावर बदलू नये.

गाडी ताब्यात आली की तीस दिवसांत आरटीओत अर्ज करायचा असतो. सरकारी लिलावात घेतलेल्या वाहनाच्या हस्तांतरणाचा नमुना वेगळा आहे, नमुना ३२. नेहमीचे २९ आणि ३० इथे चालत नाहीत. सोबत आरसी, विमा, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्री कायम झाल्याचं पत्र, आणि ज्या आदेशाने विक्री झाली त्याची प्रमाणित प्रत. ही शेवटची प्रत लोक मागायला विसरतात, आणि नंतर ती मिळवायला महिने जातात. ताबा पावती घेतानाच ती मागून घ्यावी. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागदही त्याच वेळी.

मग बदल. कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. कॅराव्हॅनसाठी वेगळं मानक आहे, एआयएस-१२४, आणि त्याप्रमाणे तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा नोंदणीत स्वतंत्र वर्गही आहे. तेव्हा गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून टप वाढवून घ्यायचा आणि मग पासिंगला न्यायची, हा उलटा क्रम आहे. आधी आरटीओची परवानगी, मान्यताप्राप्त बांधणीदार, मग कापाकापी. ज्याला ही वाट खर्चिक वाटते त्याने टप, दारं आणि चेसिस यांना हात न लावता आत उचलून ठेवता-काढता येईल असं सामान करावं. पलंगाची पेटी, शेगडीचं कपाट, पाण्याचा कॅन.

आणि नोंदणी रद्द झालेली, कुणी स्वस्तात सोडलेली बॉडी? तिला मी कमी लेखत नाही. आंब्याच्या बागेत जानेवारीपासून मेपर्यंत राखणदार राहतात. वानरं आणि चोर यांच्यापासून बाग राखायची तर रात्र तिथेच काढावी लागते. जांभ्याच्या चार दगडांवर बसवलेली, खिडक्यांना जाळी लावलेली मिनीबसची बॉडी त्या माणसाला प्लास्टिकच्या खोपीपेक्षा कितीतरी बरी झोप देईल. मात्र चाकं काढून जोत्यावर बसवलेली गाडी बांधकाम ठरू शकते. समुद्रकाठच्या जमिनीला सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत. ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे आधी विचारून घ्यावं.

चालणारी असो की बसलेली, गाडी घरी आली की लोकांना सुताराची घाई होते. ती करू नये. टपावरच्या रिवेटा, खिडक्यांचे रबर, वायुवीजनाची झाकणं, पूर्वीच्या कॅरियरची भोकं, सगळीकडून पाणी येतं, आणि लाकडामागे शिरलेलं पाणी दिसत नाही, फक्त वास येतो. गाडीला मृगाचा पाऊस रिकामी असतानाच घेऊ द्यावा. जोराच्या सरीत आत बसायचं, हातात खडू घ्यायचा, आणि जिथे थेंब उतरेल तिथे खूण करायची. ठिबक एका जागी दिसली तरी भोक बऱ्याचदा दोन हात वर, पुढच्या बाजूला असतं, म्हणून गाडीचं तोंड फिरवून पुन्हा पाहायचं. उघडीप मिळाली की सीलंट भरायचं. आषाढातल्या मोठ्या सरी आत एकही नवी खूण न करता गेल्या, की सुताराला माप घ्यायला बोलवावं.